न मोजलेली रोपं

रोहिडी ढाणी, बाडमेरकडे
दि. २२ नोव्हेंबर १९५७

ती. अहल्याक्का हिस हयवदनचा साष्टांग नमस्कार.

यंदाची मोजणी काल संपली. आकड्यांचा तक्ता सरकारी लखोट्यातून हेब्बाळच्या कचेरीत, तुझ्याच टेबलावर येईल. पण तक्त्यात मावत नाही ते कुणाला सांगायचं, म्हणून हे घरचं पत्र.

तीन वर्षांपूर्वी तूच मला ती जाहिरात वाचून दाखवली होतीस. कोरड्या प्रदेशातल्या झाडांची आणि पावसाची वर्षानुवर्षं पाहणी करायची, वाळवंटात राहायची तयारी हवी. अण्णा म्हणाले होते, "बसवनगुडीचा मुलगा वाळूत काय मोजणार रे?" त्यांना सांग, फोग मोजतो. फोग हे पानं नसलेलं झुडूप, लांबून पाहिलं तर कुणीतरी हिरव्या दोऱ्यांचा गुंता टाकून दिलाय असं वाटतं. याच्या मुळांनी वाळू धरून ठेवली आहे. लोक कोळशासाठी मुळं खणून नेतात, म्हणून चार एकरांना तारेचं कुंपण घातलंय. आत दोरीने आखलेले शंभर चौक, आणि प्रत्येक झुडपाला नंबराचा पत्रा.

पाऊस सरला की मी गुडघ्यांवर बसून एकेक चौक तपासतो. नवं रोप शिवणाच्या सुईएवढं असतं. यंदा साडेनऊ इंच पाऊस झाला आणि चौऱ्याऐंशी सुया उगवल्या! दोरी धरायला धापू असते. तिचा नवरा इथला राखणदार होता. तो गेल्यावर त्याची काठीही तिने घेतली आणि कामही. फोगाच्या कळ्या दह्यात घालून ती जे करते, ते अण्णांना एकदा चाखवायला हवं.

दुपारी लांबवर पाणी दिसतं. ते पाणी नसतं हे ठाऊक असूनही मी बघत बसतो. परवा त्याच्या काठावर तू बसमधून उतरताना दिसलीस, छत्री घेऊन.

तुझा
हयवदन


बसवनगुडी, बेंगळूर
दि. १४ डिसेंबर १९५७

चि. हयवदनास अहल्येचे अनेक आशीर्वाद.

छत्री होतीच हातात. त्या दिवशी हेब्बाळला झिमझिम होती. दोन बस बदलून मी पोचते तेव्हा तळ्यावर धुकं असतं आणि कचेरीची पायरी तेवढी कोरडी असते. मग दिवसभर हिशेबाच्या यंत्राची मूठ फिरवायची. देशभरच्या कोरड्या जमिनींचे आकडे येतात, पण तुझा लखोटा आला की मी तो आधी फोडते. हणमंतराव साहेबांनी ओळखलंय. म्हणतात, "काय अहल्याबाई, फोग आला वाटतं!"

मी एकही फोग पाहिलेला नाही. पण दोनशे सतरा नंबरचा कसा वाढलाय ते मला पाठ आहे. पंचावन्न साली सुई, मग वीतभर, मग बकरीने शेंडा खाल्ला, आता गुडघ्याला लागतो. नव्वद नंबरचा वाळला तेव्हा मला दिवसभर करमलं नाही. हसू नकोस. परवा स्वप्नात ती सगळी झुडपं आपापले पत्रे वाजवत गांधी बाजारातून चालली होती, रांगेने, आणि फुलवाल्या त्यांना वाट देत होत्या.

आपली शेंगांची जत्रा, कडलेकाई परिषे, आत्ताच झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शेंगांचे ढीग. अण्णांनी तुझ्या वाटणीच्या शेंगा बाजूला काढल्या आणि चार दिवसांनी स्वतःच खाल्ल्या. तुझे आईवडील गेल्यापासून त्यांनी तुला पोटच्या लेकीच्या, माझ्या, ताटातलं वाढलं, पण शेंगांच्या बाबतीत त्यांचा नेम नाही.

मी जन्मात लांबचा प्रवास केला तो देवनहळ्ळीपर्यंत, चकोते, ती मोठी पपनसं, आणायला. तू लिहीत जा. मी त्यावर फिरून येते.

अक्का


रोहिडी ढाणी
दि. २ नोव्हेंबर १९५९

ती. अहल्याक्कास सा. न.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. मोजणी उरकली. पाऊस बरा, अकरा इंच. नवी रोपं मात्र तीनच. मागच्या वर्षी एकवीस होती. वाळूच्या मनात काय असतं कुणी सांगावं.

अक्का, इथली हवा अलीकडे दुधासारखी झाली आहे. सकाळी उठतो तर ढाणीच्या झोपड्या, उंट, विहिरीवरच्या बायका, सगळं कुणी पातळ मलमलीआड ठेवल्यासारखं. उन्हाला कडा उरलेल्या नाहीत. सूर्याभोवती रंगाचं कडं पडतं, दिव्याभोवतीही पडतं. धापू चालत येते तेव्हा आधी तिच्या ओढणीचा लाल रंग येतो आणि मागून ती येते. पूर्वी मला वाळवंट फार ठसठशीत वाटायचं. आता ते कुणाला तरी आठवत असल्यासारखं दिसतं.

मोठी झुडपं मी हात लावून ओळखतो. दोनशे सतराची साल कशी ते बोटांना कळतं. तुझी आठवण काढून त्याला थोपटलं.

तुझा
हयवदन


बसवनगुडी, बेंगळूर
दि. ९ जानेवारी १९६०

चि. हयवदनास आशीर्वाद.

तुझं दुधाच्या हवेचं पत्र मी अण्णांना तीनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पोरगा कवी झाला गं तिकडे." मी ते पेटीत जपून ठेवलंय. कचेरीतून येताना बसच्या खिडकीशी बसून मी स्वतःला सांगते, हीच ती मलमल, आणि हेब्बाळपासून घरापर्यंतचा रस्ता वाळूचा होतो.

एक विचारायचं आहे. तुझा तक्ता मी दोनदा तपासला. सहा इंच पावसाच्या वर्षी तेवीस रोपं आली होती. अकरा इंचांत तीनच कशी? जुनी झुडपं तर छान आहेत, मेलेली नेहमीइतकीच. पेरणारे जिवंत, पाऊस पुरेसा, आणि मूलच नाही. उंदीर बी खातात का? की वाळूखाली दडपलं जातं?

आणि कागद जरा जपून वापर. एका पानावर आठ ओळी! अक्षर केवढं मोठं काढतोस, आणि ओळी सगळ्या उजवीकडे उतरल्यात.

अक्का


रोहिडी ढाणी
दि. १ फेब्रुवारी १९६०

ती. अक्कास सा. न.

उंदीर असतील. वाराही फार होता. मी आहे ते लिहिलं आहे. कचेरीने शंका काढली असेल तर तसं सरकारी पत्र येऊ दे, उत्तर देईन.

टाक जाड आहे म्हणून अक्षर मोठं येतं.

हयवदन


बसवनगुडी, बेंगळूर
दि. २० नोव्हेंबर १९६०

चि. हयवदनास आशीर्वाद.

तुझ्या त्या चार ओळींनंतर मीही रुसून गप्प बसले. आता रुसवा परवडायचा नाही.

यंदाचा तक्ता आला. पाऊस दहा इंच, नवी रोपं शून्य. मी शून्य भरलं आणि कागद हणमंतरावांकडे गेला. काल त्यांनी मला टिपण लिहायला बसवलं. तीन वर्षं पाऊस चांगला असूनही कुंपणातली नवी रोपं घटत गेली आणि आता काहीच उगवत नाही. म्हणजे कुंपणाचा उपयोग नाही. ठाणं बंद करावं, तारा काढाव्यात, जमीन मोकळी करावी. मार्चअखेर हुकूम निघेल. मी माझ्या हाताने लिहिलं, हयवदन. अर्ध्यात मला खोकल्याचं निमित्त करून उठावं लागलं.

आणि आज सकाळची गोष्ट. अण्णा अंगणात उन्हाला बसून तांदूळ निवडत होते. म्हणाले, "यंदा तांदूळ फार स्वच्छ आलाय गं. खडेच नाहीत." मी म्हटलं, सरी, बरं झालं. जेवताना पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली खडा आला. दुसऱ्या घासाला पुन्हा. मी उठून सूप पाहिलं. मोठे खडे त्यांनी वेचले होते, बारीक सगळे तसेच होते. अण्णांना मोतीबिंदू होतोय, त्यांना कळलेलंसुद्धा नाही.

मी हात न धुता तशीच पेटीपाशी गेले. तुझी पत्रं ओळीने लावली. अक्षर दर वर्षी मोठं. सूर्याभोवती कडं. बोटांनी ओळखलेली साल. दुधासारखी हवा. अय्यो देवा, मी ते पत्र तीनदा वाचून दाखवलं आणि पोरगा कवी झाला म्हणून आम्ही हसलो!

हवेत दूध नव्हतं ना रे?

खरं सांग. मी हणमंतरावांना अजून काही बोललेले नाही. तुझ्या उत्तराची वाट पाहीन, पण पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंतच. कुंपण गेलं तर परत यायचं नाही.

अक्का


रोहिडी ढाणी
दि. ६ डिसेंबर १९६०

ती. अक्का,

नव्हतं.

डोळ्यांत खुपऱ्या आहेत. इथे घराघरात असतात, वाळू आणि माश्या. जोधपूरच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितलं की पापण्या आत वळल्या आहेत, केस बुबुळाला घासतात, त्याने बुबुळावर पांढुरकं येतंय. शस्त्रक्रिया करून घ्या म्हणाले. मी मलम घेऊन परत आलो. रजा मागितली असती तर कारण लिहावं लागलं असतं, आणि ज्याला दिसत नाही त्याला मोजणीवर कोण ठेवील? मला वाटलं, मोठी झुडपं तर ओळखतोय. रोपं खरंच कमी आली असतील. पहिल्या वर्षी हे मी मनापासून मानलं. दुसऱ्या वर्षी मानून घेतलं.

यंदाचं मात्र सांगायलाच हवं. चाळिसाव्या चौकात धापू एकदम ओणवी झाली आणि म्हणाली, "बाऊजी, अठै भी है." इथेही आहे. मी खाली वाकलो. मला वाळू दिसली, फक्त वाळू, उकळत्या दुधासारखी. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, ते गवत आहे, तुला काय कळतं, तू दोरी धर.  पुढच्या साठ चौकांत तिने तोंड उघडलं नाही. आणि त्या साठ चौकांत मी शून्य लिहीत गेलो. तिला दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

कुंपण वाचावं म्हणून मी डोळे लपवले आणि माझ्याच आकड्यांनी ते पडतंय. हणमंतरावांना आज वेगळं पत्र टाकलं आहे. तीन वर्षांची मोजणी विश्वासार्ह नाही, मोजणाऱ्याची दृष्टी अधू होती, असं स्पष्ट लिहिलं आहे. तुला माझ्याविरुद्ध बोलावं लागू नये एवढं तरी मला करता आलं.

तुझा
हयवदन


बसवनगुडी, बेंगळूर
दि. १८ डिसेंबर १९६०

चि. हयवदना,

ताबडतोब निघून ये. इथे डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. अण्णाही तयार आहेत. म्हणतात, मी मोतीबिंदू काढतो, तो पापण्या सरळ करू दे, दोघं मिळून एक चष्मा वापरू.

हणमंतरावांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तीन वर्षं गेली, अहल्याबाई." मी म्हटलं, सर, गेली असतील का? त्याला न दिसलेली रोपं खरंच उगवली असतील तर ती आज तिथेच उभी असणार, पत्र्याशिवाय. मोठी झाली असतील. येत्या पावसानंतर कुणीतरी नीट डोळ्यांनी जाऊन पत्रा नसलेलं प्रत्येक झुडूप मोजावं.

"कोण जाणार? नवा माणूस पाठवला तर जुनं नवं ओळखायलाच त्याला वर्ष लागेल."

"मला सगळे नंबर पाठ आहेत," मी म्हटलं.

 बाईमाणूस, एकटी, वाळवंटात वगैरे सगळं बोलून झालं. मी ऐकून घेतलं. शेवटी सांगितलं की ती शून्यं माझ्या तक्त्यातून गेली आहेत, मलाही ती निस्तरायची आहेत. ते मला पाठवायला तयार झाले. हुकूम त्यांनी वर्षभर थांबवला आहे. त्यापुढे नाही.

घरी आले. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "स्वल्प गूळ ने बरोबर. तिकडचं पाणी खारं असतं."

अक्का


रोहिडी ढाणी
दि. २८ ऑक्टोबर १९६१

चि. हयवदनास अनेक आशीर्वाद.

हे पत्र चंद्राबाईंकडून वाचून घे, स्वतः डोळे ताणू नकोस. स्वयंपाकाला येतात तेव्हा दहा मिनिटं बसतील त्या. शस्त्रक्रियेला आठ महिने झाले म्हणून लगेच शहाणपणा नको.

मी पोचले त्या दिवशी धापू कुंपणाच्या दारात उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलं आणि पहिलं विचारलं ते तुझ्या डोळ्यांचं. मी मोडक्या हिंदीत सांगितलं. मग ती मला थेट चाळिसाव्या चौकात घेऊन गेली. तिथे वीतभर फोग उभा होता. पत्रा नाही. त्याच्या भोवती तिने खड्यांचं छोटं आळं करून ठेवलं होतं, कुणाचा पाय पडू नये म्हणून. ती म्हणाली, "वही है."

हयवदन, मी तिथेच वाळूत बसले.  माणूस सहा वर्षं ज्यांची वयं, उंची, दुखणी कागदावर लिहितो ती सगळी एकदम समोर उभी राहतात, आणि वारा आला की हलतात. दोनशे सतराजवळ गेले तर तो माझ्या कमरेला लागला. तक्त्यात सेंटिमीटर बरोबर होते, पण त्याला वास असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. दुपारी तुझं ते खोटं पाणी आलं. मी बराच वेळ पाहिलं. त्यात हेब्बाळ नव्हतं, नुसता उजेड होता, आणि मला तोही पुरे झाला.

सोळा दिवस लागले. आम्ही दोघी गुडघ्यांवर. एक चौक ती आधी पाहायची मग मी, पुढचा आधी मी मग ती. आकडा जुळला नाही तर पुन्हा. पत्रा नसलेली मोठी रोपं एकशे एकतीस निघाली. शिवाय यंदाच्या सेहेचाळीस सुया.

एकशे एकतीस! तीनही वर्षं ती उगवत होती. कोणतं कोणत्या वर्षीचं ते नक्की सांगता येणार नाही. उंचीवरून अंदाज होईल, पण अंदाज म्हणूनच लिहीन. तेवढं भोक पाहणीत कायमचं राहणार. तक्ता हणमंतरावांना रवाना केला आहे.

अक्का


बसवनगुडी, बेंगळूर
दि. १२ नोव्हेंबर १९६१

ती. अहल्याक्कास सा. न.

हे माझं मीच लिहितोय, म्हणून पानावर पुन्हा आठच ओळी मावतात. तुझं पत्र चंद्राबाईंनी वाचलं. एकशे एकतीस म्हटल्यावर अण्णांनी त्यांना तोच आकडा आणखी दोनदा वाचायला लावला. मी उठून परसात गेलो.

डाव्या डोळ्याने उजेडच तेवढा कळतो. उजव्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो, माणसं ओळखतो. डॉक्टर म्हणाले, आहे एवढी नजर टिकेल, वाढायची नाही. म्हणजे सुई मला पुन्हा दिसणार नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहून पाहतोय. लिहिता आलं.

कुंपण राहिलं, अक्का. हणमंतराव स्वतः घरी सांगायला आले होते. पाहणी पुढे चालू. माझी चौकशी झाली, ताकीद मिळाली, आणि मला हेब्बाळच्या कचेरीतच घेतलं आहे. तुझ्या टेबलावर मोठ्या भिंगाने जुने तक्ते वाचतो. तळ्यावरचं धुकं मला फसवत नाही आता, सगळ्यांना तेवढंच दिसतं.

सोबतच्या चिठ्ठीत धापूसाठी चार ओळी आहेत, हिंदीत. मी तिच्यावर ओरडलो, ती बरोबर होती, मी खोटा होतो, एवढंच लिहिलंय. तिला एकटीला वाचून दाखव. तिने काय म्हटलं ते मला आहे तसं कळव, वाईट असलं तरी.

तू केव्हा येतेस?

हयवदन


रोहिडी ढाणी
दि. २५ नोव्हेंबर १९६१

चि. हयवदनास आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी धापूला वाचून दाखवली. ती चुलीशी बसली होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "पुन्हा एकदा वाच." मी वाचली. मग तिने विचारलं, "तिथे त्याला भाकरी करून कोण देतं?" मी म्हटलं, चंद्राबाई देतात, पण भात. तिने मान हलवली, जणू भातावर माणूस कसा जगेल. तुझ्या चिठ्ठीबद्दल तेवढंच. वाईट काही म्हणाली नाही, चांगलंही म्हणाली नाही.

मी इतक्यात येत नाही. हणमंतरावांना अर्ज टाकला आहे की पुढची मोजणी होईपर्यंत मला इथे ठेवावं, आणि जमलं तर त्यापुढेही. पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजायचा, पडो न पडो. ही पाहणी तीस वर्षं चालायला हवी म्हणतात. मी एकोणचाळीस वर्षांची आहे. हिशेब माझा मी केला. अण्णांना तू सांग. मला वाटतं गूळ दिला तेव्हाच त्यांना माहीत होतं.

काल नोंदवहीचं यंदाचं पान पूर्ण केलं. शेवटच्या रकान्यात मोजणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. मी माझं लिहिलं आणि खाली धापूचं. तिला सांगितलं तर विश्वास बसेना. वहीवर बोट ठेवून विचारलं, "हे मी?"

म्हटलं, हे तू.

तिला ते वाळूत काढून हवं होतं. मी काठीने मोठं काढलं. तिने शेजारी बसून बोटाने गिरवलं, एकेक वळण, जीभ दातात धरून. वारा होता, नाव वाळूने भरून गेलं. मी पुन्हा काढून दिलं, तिने पुन्हा गिरवलं, तेही गेलं. तिसऱ्यांदा मी काठी उचलली तर तिने माझा हात बाजूला केला आणि आपलं आपण लिहिलं.

अक्का